‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ : एका सोयीस्कर वाक्याविषयी

मराठीच्या चर्चासत्रांत, परिसंवादांत आणि प्राध्यापकांच्या चहाच्या टेबलावर गेली काही वर्षे एक वाक्य फार सहजपणे ऐकू येते. ‘रॅप? त्यात नवीन ते काय? आपला पोवाडाच तो!’ २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट येऊन गेल्यानंतर तर या वाक्याला सुभाषिताची कळा आली. कोणी पोवाड्याऐवजी भारूड म्हणतो, कोणी कलगी-तुरा म्हणतो, आमच्या खान्देशात एखादा अभिमानी वक्ता आखाजीच्या गाण्यांचा दाखला देतो. मथितार्थ एकच, की जे बाहेरून आले म्हणून सांगितले जाते ते आमच्याकडे केव्हाचेच होते. माना डोलतात, अध्यक्षीय समारोप होतो आणि मंडळी जेवायला जातात.

प्रस्तुत लेख या वाक्याच्या विरोधात आहे. त्याच्या नेमके उलट टोकाचे वाक्यही आपल्याकडे प्रचलित आहे : ‘ही सगळी पाश्चात्त्य थेरं आहेत.’ पण त्या वाक्याची आम्हांला तेवढी चिंता वाटत नाही. त्यात निदान उघड वैर आहे, आणि वैऱ्याला समोरच्याकडे थोडेतरी लक्ष द्यावे लागते. ‘आपला पोवाडाच’ हे वाक्य मात्र पाहुण्याच्या गळ्यात हार घालून त्याला उंबऱ्यावरूनच निरोप देते. आपलाच आहे म्हटल्यावर तो ऐकायची गरज उरत नाही, त्याचे व्याकरण समजून घ्यायची गरज उरत नाही, आणि आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर अहिराणीत किंवा गोरबोलीत यमके जुळवणाऱ्या मुलाला ‘दाखव रे’ म्हणण्याची तर मुळीच गरज उरत नाही.

आधी पोवाड्याचे पाहू, कारण या वाक्यात अन्याय रॅपइतकाच पोवाड्यावरही होतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधावरचा पोवाडा, महात्मा फुल्यांनी १८६९ साली प्रसिद्ध केलेला शिवाजी महाराजांवरचा पोवाडा आणि गिरणगावात गायला गेलेला अण्णा भाऊ साठे यांचा पोवाडा या तीन वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या श्रोत्यांसाठी आणि वेगवेगळ्या हेतूंनी झालेल्या रचना आहेत. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा त्यांनी जुना साचा जसाच्या तसा उचलला नव्हता. कामगार समोर बसला आहे हे ओळखून तो वाकवला होता. ‘पोवाडाच’ या शब्दातला तो शेवटचा ‘च’ ही सगळी खटपट पुसून टाकतो.

तरीही पोवाड्याची काही सामान्य लक्षणे सांगता येतात. त्यात एक घटना असते, एक नायक असतो, आणि शाहीर त्या घटनेचा निवेदक असतो. डफ-तुणतुण्याची साथ असते, झीलकरी ‘जी जी’ धरतात, आणि शाहिराचे स्वतःचे नाव बहुधा अखेरीस, नाममुद्रेपुरते येते. रॅपमध्ये ‘मी’ पहिल्याच श्वासाला हजर असतो. मी कोण, कुठल्या गल्लीतला, माझ्या पाठीशी कोण, मला कमी कोण लेखतो, हाच पुष्कळदा त्याचा विषय. पोवाडा गायला जातो. रॅप बोलला जातो, आणि त्याची सारी गंमत बोलण्याचे आघात ठेक्याच्या किंचित पुढे वा मागे कसे पडतात यात असते. त्याची यमके ओळीच्या शेवटाला थांबत नाहीत. ती ओळीच्या पोटात शिरतात. कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब आणि रॅपमधली जुगलबंदी यांत साम्य आहे, हे आम्ही नाकारत नाही. आखाजीला नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावच्या बायका गाण्यातून एकमेकींचा उद्धार करतात, त्या गाण्यांशीही आहे. पण साम्य दिसले की अभ्यासाला सुरुवात व्हायला हवी. आपल्याकडे साम्य दिसले की अभ्यास संपतो.

शिवाय एक फरक असा आहे की तो डावलला तर रॅपचे कूळच कळत नाही. तो म्हणजे यंत्र. रॅप ज्या संस्कृतीचा एक भाग आहे त्या हिप हॉपमध्ये पहिला कलावंत शब्दांचा नव्हता, तबकड्यांचा होता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, इतके साधे कारण. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. नाचणाऱ्यांना गाण्यातला गायनाचा भाग फारसा नको असतो, मधला केवळ ताल-वाद्यांचा तुकडा हवा असतो, हे हर्कने हेरले होते. तो तुकडा काही सेकंदांत संपतो, म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच पुन्हा सुरू. त्या न संपणाऱ्या तुकड्यावर नाचणारे नाचू लागले, आणि हर्कचा जोडीदार कोक ला रॉक ध्वनिक्षेपकावरून मित्रांची नावे घेऊ लागला, चेष्टा करू लागला, पालुपदे फेकू लागला. पुढे हिप हॉपची जी चार अंगे मानली गेली, म्हणजे तबकड्यांची कारागिरी, बोलणे, नाच आणि भिंतींवरची चित्राक्षरे, त्यांपैकी तीन त्या परंपरेप्रमाणे एकाच खोलीत भेटली.

ज्या ब्राँक्समध्ये हे घडले त्याची दशा काय होती? रॉबर्ट मोझेस या नगररचनेच्या सर्वेसर्वाने १९४८ सालापासून तिथल्या भरवस्तीतून क्रॉस ब्राँक्स हा द्रुतगती मार्ग नेला, आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. ऐपत असलेले निघून गेले, मागे काळे आणि पोर्तो रिकन गरीब उरले. सत्तरच्या दशकात इमारतीमागून इमारती जळाल्या, नगरपालिकेने सेवा आखडत्या घेतल्या. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी आईबापांच्या जुन्या तबकड्यांचेच वाद्य केले. तुकडे जोडणे हा हिप हॉपमध्ये हौसेचा अलंकार नव्हता. जे हाती होते ते तुकड्यांतच होते.

इथे आमच्या काही विद्रोहवादी मित्रांना गहिवरून येते आणि ते म्हणतात, ‘म्हणजे हिप हॉप हा शोषितांचा आक्रोश!’ थांबा. सेजविक अव्हेन्यूवर त्या रात्री कोणी आक्रोश केला नव्हता; पोरे नाचत होती. ‘रॅपर्स डिलाइट’ या १९७९ सालच्या गाण्याने रॅप घराघरांत पोहोचला, तेही मौजेचेच गाणे. शिवाय त्यातल्या एका गायकाने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच कवीच्या वहीतल्या ओळी म्हटल्या आणि कॅझला श्रेय मिळाले नाही. वस्तीचे दारिद्र्य थेट मांडणारे ‘द मेसेज’ हे गाणे आले १९८२ साली, म्हणजे त्या पार्टीनंतर ९ वर्षांनी. आणि ज्यांच्या नावावर ते निघाले त्या ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटातल्या बहुतेकांना ते नकोच होते. लोक नाचायला येतात, त्यांना त्यांचेच दुःख कोण ऐकवणार, असे त्यांचे म्हणणे. हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. पहिल्याच दिवशी आशय मागणारी समीक्षा हिप हॉपच्या जन्माच्या वेळी हजर असती, तर तिने त्या पोरांना नापास केले असते.

आणि आपल्या भागात ती आज नेमके हेच करते आहे. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही लग्नात वाजणारी अहिराणी गाणी घ्या. ‘केसावर फुगे’ आणि ‘हाई झुमका वाली पोर’ ही गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ साली मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्यांच्या मोबाईलवर वाजले. या गाण्यांना शास्त्रार्थाने रॅप म्हणता येणार नाही. पण त्यांचा ठेका, संगणकावर घरच्या घरी जुळवलेले संगीत, कोणाच्याही परवानगीवाचून थेट श्रोत्यापर्यंत जाणे, ही सारी हिप हॉपने जगाला लावलेली सवय आहे. आमच्या व्यवसायबंधूंचा यावरचा अभिप्राय एका शब्दात संपतो : ‘थिल्लर’. या गाण्यांतली ‘पोर’ बहुधा नटण्यापुरतीच असते, तिला स्वतःचे म्हणणे नसते, हा आक्षेप आम्हीही घेऊ. अमेरिकी रॅपवर तर स्त्रीद्वेषाचा आणि बाजारूपणाचा आरोप याहून कितीतरी गंभीर आहे आणि तो खरा आहे. मात्र तो आक्षेप गाणे ऐकून, ओळ दाखवून घेतलेला असावा. मराठी भावगीतातल्या प्रेयसीवर आपण शोधनिबंध लिहितो, आणि अहिराणी गाण्यातल्या प्रेयसीला एका शब्दात हाकलतो. हा रुचीचा प्रश्न आहे की जातीचा आणि बोलीचा, हे एकदा स्पष्ट बोलले पाहिजे.

एका शब्दाचा प्रवास पाहिला तर आमचे म्हणणे अधिक नीट कळेल. तो शब्द म्हणजे ‘डीजे’. हर्क जन्माने जमैकाच्या किंग्स्टनचा; १९६७ साली तो न्यूयॉर्कला आला. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून प्रचंड कर्णे घेऊन मोकळ्या जागेत नाच लावणारे ताफे होते. तिथे ‘डीजे’ म्हणजे तबकडीवर बोलणारा. तबकडी निवडणाऱ्याला वेगळे नाव. न्यूयॉर्कमध्ये ‘डीजे’ म्हणजे तबकडी हाताळणारा, आणि बोलणाऱ्याला ‘एमसी’ हे वेगळे नाव मिळाले. आता खान्देशात या. आमच्याकडे ‘डीजे’ म्हणजे माणूसच नव्हे. ‘डीजे’ म्हणजे कर्ण्यांच्या भिंती लादलेली गाडी. ‘वरातीला डीजे आहे का?’, ‘पोलिसांनी डीजे जप्त केला’, ‘डीजेने म्हाताऱ्याची छाती धडधडली’, ही आमची रोजची वाक्ये आहेत. तीन ठिकाणी एकच शब्द. एकात बोलणारा, दुसऱ्यात वाजवणारा, आणि आमच्यात दोघेही गळून उरलेली गाडी. भाषाशास्त्राच्या तासाला अर्थसंकोच आणि अर्थांतर शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळायचे नाही. बोलणारा कुठे गेला, हा प्रश्न मात्र त्या तासाच्या बाहेरचा आहे आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे.

बोलणारा गेला नाही. त्याला त्याची भाषा बोलण्याजोगी वाटू दिली गेली नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीहून स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली आहे, तिच्यात अहिराणी येते, आणि भाषकसंख्या सुमारे १८ लाख ६० हजार. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा केंद्र सरकारचा निर्णय झाला, आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण अहिराणी बोलणारे पोर वर्गात ‘मना’ म्हणाले की त्याला ‘माझा’ म्हणायला लावणे हे आपले पहिले अध्यापनकार्य असते. त्याचा ‘मी’ कुठल्या प्रत्ययाने उभा राहतो हे आपण ऐकूनच घेत नाही, आणि मग ‘पोरांना अभिव्यक्ती नाही, नुसती गाडीपुढे नाचतात’ अशी तक्रार करतो.

यावर एक हमखास उत्तर येते : ‘बहिणाबाईंना आपणच डोक्यावर घेतले ना?’ घेतले. आसोद्याच्या या कवयित्रीचे नाव २०१८ साली आमच्या विद्यापीठाला दिले गेले. बहिणाबाई लिहीत नव्हत्या. त्यांची गाणी शेतात, जात्यावर, कामाच्या लयीत होत होती. ती कागदावर उतरली ती सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ऐकून टिपून घेतली म्हणून. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे पुस्तक निघाले. आता कोणी उत्साहाने ‘म्हणजे बहिणाबाई आपल्या आद्य रॅपर’ असे म्हणू नये. ते वाक्य ‘आपला पोवाडाच’चेच भावंड ठरेल. आमचा मुद्दा निराळा आहे. ती गाणी वाङ्मय ठरली ती कोणीतरी बोलीतल्या उच्चारासह ती ऐकली आणि टिपली म्हणून. आज विद्यापीठावर त्यांचे नाव आहे आणि टिपून घेण्याची ती रीत मात्र विभागात नाही. पुतळ्याला हार घालणे आणि पुतळ्याची रीत चालवणे यांत पहिले नेहमीच स्वस्त असते.

मराठी रॅप कोणीच लक्ष देऊन ऐकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पोलिस ऐकतात. २०२२ च्या सत्तांतरानंतरच्या राजकारणावर छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने रॅप केला. एप्रिल २०२३ मध्ये अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात उमेश खाडे या तरुणाच्या रॅपवरून मुंबईत वडाळ्याला गुन्हा दाखल झाला. मुंगासेच्या गाण्यात कोणाचे नाव नव्हते. तरी रोख कोणावर आहे हे तक्रारदाराला कळले आणि पोलिसांनाही कळले. वाच्यार्थाच्या पलीकडचा व्यंग्यार्थ ग्रहण करणे यालाच आनंदवर्धनापासून आपण सहृदयता म्हणत आलो आहोत. मराठी रॅपला पहिला सहृदय वाचक पोलिस ठाण्यात मिळावा, ही मराठी समीक्षेची शोभा आहे काय? ती गाणी थोर आहेत असे आमचे म्हणणे नाही. एक रचना आणि एक कलम यांच्यामध्ये जो समंजस वाचकवर्ग उभा असायला हवा तो उभा नव्हता, एवढेच आमचे म्हणणे आहे. ‘हे उपरोधाचे काव्य आहे, याची परंपरा ही, याचे संकेत हे’ असे सांगण्याचा अधिकार ज्यांना पगारासह दिलेला आहे, त्या वर्गाचा आवाज तेव्हा फारसा ऐकू आला नाही. पोवाडाच होता ना तो? मग आपल्या पोवाड्यासाठी उभे राहायला काय हरकत होती?

‘आपलाच’ म्हणण्याची खरी परीक्षा अशा वेळी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव, दोन वैचारिक कुळे. अमळनेरला यापूर्वी संमेलन झाले होते ते १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. बोलीतली गाणी तेव्हा संमेलनांनी मागवली नव्हती. ती आपल्या वाटेने आली आणि मग संमेलनांना त्यांची दखल घ्यावी लागली. आजच्या गाण्यांची वाटही तशीच आहे. फरक इतकाच की आजच्या पोराला प्रस्तावनेसाठी अत्रे लागत नाहीत. त्याच्याकडे मोबाईल आहे. त्यामुळे प्रश्न त्याच्या भवितव्याचा कमी आणि आपल्या विषयाच्या भवितव्याचा अधिक आहे.

‘पण रॅपला संहिता कुठे आहे?’ हा अखेरचा बुरूज. ज्या विषयात ओव्या, आरत्या, लावण्या यांच्या पाठभेदांवर पदव्या दिल्या जातात, तिथे हा प्रश्न निघावा याचे नवल वाटते. येल विद्यापीठाने २०१० साली रॅपचा जाडजूड संग्रह काढला. त्यातल्या लिप्यंतराच्या चुकांवरून वाद झाला, म्हणजे पाठचिकित्सा झाली. २०१८ साली केंड्रिक लामारच्या ‘डॅम’ या संग्रहाला संगीताचे पुलित्झर मिळाले. परदेशी शिक्का मिळाला म्हणून आपणही मान डोलवावी असे यातून सुचवायचे नाही. संहिता नसते तिथे ती सिद्ध करणे हेच अभ्यासकाचे काम असते, एवढे मात्र सुचवायचे आहे. आपल्याकडे सामग्री आहेच. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ साली आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केले. त्यात जंगल तोडणाऱ्यांशी वारली माणूस बोलतो. त्यातले पारंपरिक किती, नवे किती, वाद्य कोणते, ‘मी’ कोणाचा आणि ‘आम्ही’ कोणाचा, हे प्रश्न एम. ए. च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत शोभून दिसतील.

म्हणून आमची मागणी लहान आणि नेमकी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मराठी विभागांनी त्यातला एक प्रकल्प यासाठी राखावा. विद्यार्थ्याने आपल्या बोलीतले, आपल्या गावात वाजणारे एक गाणे घ्यावे. ते उच्चारानुसार लिहून काढावे. आघात कुठे पडतात ते खुणेने दाखवावे. खालचा ठेका कोठून आला ते शोधावे. गाणे कोणी रचले, कोणाच्या नावावर निघाले, पैसे कोणाला मिळाले ते विचारावे. आणि अखेरीस ते बरे आहे की वाईट, याचा स्वतःचा निर्णय कारणांसह द्यावा. ज्याने स्वतः रचले असेल त्याने स्वतःचे द्यावे, आणि परीक्षकाने ते भावगीताला लावतो त्याच कसोशीने तपासावे. वाईट असेल तर नापास करावे. ऐकून नापास होणे हा सुद्धा एक सन्मान आहे. तो या पोरांना आजवर मिळालेला नाही.

आणि तोवर, ‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ असे पुढच्या चर्चासत्रात कोणी म्हणाले, तर श्रोत्यांतून एकाने तरी उठून शांतपणे विचारावे : सर, कोणता पोवाडा आणि कोणता रॅप? वक्त्याला दोन्हींची नावे सांगता आली तर चर्चा तिथून सुरू होईल. नाही आली, तर जेवणाची सुट्टी थोडी लांबवावी.